"गल्लीनं किती केलं तिच्यासाठी!"

पत्राचा सारांश : कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत वाढलेली, एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक वाचक लिहिते. घट्ट वीण असलेल्या वस्तीतला लिंगभेद एका लघुकथेत कसा येतो, यावर तिला पंधराशे शब्दांचा निबंध लिहायचा आहे आणि मग वर्गात दहा मिनिटं बोलायचं आहे. कथा अशी : तालमीसमोरच्या गल्लीत सुलूचा नवरा वारतो. गल्ली वर्गणी काढून दवाखान्याचं बिल भागवते, तालमीची पोरं तिची बंद पडलेली पिठाची गिरणी चालू करून देतात. सुलू काम शिकते, उत्तम करते, रात्री नऊपर्यंत गिरणी उघडी ठेवू लागते. गिरणीच्या दगडाला टाकी लावायला, म्हणजे झिजलेल्या खाचा छिन्नीनं पुन्हा उठवायला, बाहेरगावचा कारागीर रात्री येतो आणि कुजबूज सुरू होते. गल्लीतली वडीलधारी आक्का तिला 'समजावते'. सुलू गिरणी दिराच्या हाती देते. हे सगळं गल्लीच 'आम्ही' म्हणून सांगते. शेवटचं वाक्य : 'हल्ली पीठ जरा जाड येतं, पण चालायचंच.'

घरी कथा वाचून दाखवली तेव्हा आत्या म्हणाली, "ह्यात काय चुकलं? गल्लीनं किती केलं तिच्यासाठी!" तालमीच्या मंडळात असलेल्या थोरल्या भावाला ही पेठेची बदनामी वाटते. मार्गदर्शक म्हणतात, स्त्रीवादी चौकट लावा. वाचकाचे प्रश्न : कथा लिंगभेदावर टीका करते की त्याची बाजू घेते? त्रास देणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत, तर त्याला लिंगभेद म्हणायचं का? सुलू शेवटी हरते, म्हणजे कथा दुबळी का? की सरळ दुसरी कथा घ्यावी?

उत्तर :

कथा बदलू नका. तुम्ही पाठवलेली झेरॉक्स वाचली. घरात जिच्यावरून इतकी बोलाचाली झाली, ती कथा निबंधाला पुरून उरेल. शीर्षक आणि लेखकाचं नाव इथे देत नाही, कारण तुमचा निबंध अजून तपासला जायचा आहे.

आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. तुम्ही लिहिता, "एकीकडे गल्लीची माया आहे आणि दुसरीकडे लिंगभेद, या दोन्हींचा मेळ बसत नाही." तुमची गाडी इथेच अडली आहे. मायेचं माप एका पारड्यात आणि जाचाचं दुसऱ्यात टाकून कुठलं जड, हे बघत बसलात तर निबंध निवाडा होतो, विश्लेषण होत नाही. आत्यांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं मग एकाच तराजूवर भांडत राहतं. ही कथा वेगळं काहीतरी दाखवते. ज्या हातांनी पोती उचलली, तेच हात पुढे दार लावून घेतात. मदत हीच देखरेखीची वाट होते. माया खोटी आहे असं कथा कुठेही म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तालीम-मंडळांची पोरं पाण्यात उतरलेली या शहरानं पाहिली आहेत. हे खरं धरूनच पुढे जायचं.

पुरावा कथेतच आहे. "आम्ही हाय की" हे वाक्य तीनदा येतं. पहिल्यांदा दवाखान्याच्या दारात, बिलाचा आकडा ऐकून सुलू मटकन खाली बसते तेव्हा. दुसऱ्यांदा ती गिरणीचा पट्टा आणायला उद्यमनगरात निघते तेव्हा : "वैनी, तुम्ही कशाला, आम्ही हाय की." तिसऱ्यांदा आक्काच्या तोंडी : "गिरणी दिराकडं दे. तुला काय कमी पडणार न्हाई, आम्ही हाय की." वाक्य तेच आणि सूरही प्रेमाचाच. पण पहिल्या वेळी ते तिला उभं करतं, दुसऱ्या वेळी तिचा बाजारापर्यंतचा रस्ता काढून घेतं आणि तिसऱ्या वेळी तिची मिळकत. वहीत चार रकाने आखा : पान, कोण बोलतं, काय दिलं जातं, बदल्यात काय काढून घेतलं जातं. ही तीन ठिकाणं भरलीत की निबंधाचा मधला भाग जवळजवळ तयार होतो.

समाजमानसशास्त्रात याला नाव आहे. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क यांनी १९९६ मध्ये लिंगभेदाचे दोन प्रकार मांडले, एक उघड वैराचा आणि दुसरा कनवाळू. दुसऱ्यात बाईचं कौतुक असतं, तिचं रक्षण असतं. अट एवढीच की तिनं नेमून दिलेल्या जागेत राहावं. 'आमच्या गल्लीतल्या बाईकडं डोळा वर करून बघायची कुणाची टाप न्हाई' हे कथेतलं वाक्य त्याचा चोख नमुना आहे. मार्गदर्शकांनी चौकट लावायला सांगितली आहे, ती लावा, पण आधी उतारा, मग त्याचं वाचन आणि त्यानंतर संकल्पना, या क्रमानं. उलट केलंत तर काय होतं? पहिली दोन पानं पितृसत्तेच्या व्याख्येत जातात आणि कथा उदाहरणापुरती उरते. परीक्षकांनी अशा व्याख्या ढिगानं वाचलेल्या असतात. दिराच्या गिरणीतलं जाड पीठ त्यांच्यापुढे फार वेळा आलेलं नसतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, टीका की समर्थन. तुम्ही निवेदकालाच लेखक समजत आहात. 'आम्ही' ही गल्ली आहे, लेखक नव्हे. अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ मध्ये विश्वासार्ह नसलेल्या निवेदकाची कल्पना मांडली. सांगणारा एक सांगतो आणि कथा त्याच्या खांद्यावरून वाचकाला दुसरंच दाखवते. इथे तसं होतं आहे की नाही, हे अंदाजानं ठरवू नका. दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथे जिथे 'आम्ही' आहे तिथे निळी रेघ मारा. जिथे 'लोक म्हणायला लागले', 'बोललं जाऊ लागलं', 'कानावर आलं' अशी रचना आहे तिथे लाल. मग दोन्ही रंगांची पानं शेजारी ठेवून बघा. वर्गणी 'आम्ही' काढली, पोती 'आम्ही' उचलली, पट्टा 'आम्ही' आणून दिला. कुजबूज मात्र 'लोक' करतात! गल्लीत दुसरे लोक आहेत कोण? पुण्याच्या कामात कर्ता ठळक आणि पापाच्या कामात कर्ता गायब, ही निवेदकाची लबाडी लेखकानं व्याकरणातून उघडी केली आहे. कथा कुणाच्या बाजूची, याचं उत्तर या एका निरीक्षणातून देता येतं.

दुसरा पुरावा शेवटच्या वाक्यात आहे. ते तुम्हाला 'उगाच जोडल्यासारखं' वाटलं. मला ते कथेतलं सगळ्यात नेमकं वाक्य वाटतं, पण त्यासाठी गिरणी कशी चालते हे माहीत हवं. गिरणीच्या दोन दगडांपैकी एक स्थिर असतो, एक फिरतो. त्यांच्या एकमेकांसमोरच्या बाजूंवर खाचा असतात. दळून दळून त्या गुळगुळीत होतात, मग छिन्नीनं टाकी लावून पुन्हा उठवाव्या लागतात. त्यासाठी गिरणी बंद करून, दगड निवू देऊन ते उघडावे लागतात. म्हणजे हे काम गिऱ्हाईक सरल्यावरचं, बहुधा रात्रीचंच. टाकी लावायची राहिली की दाणा कापला न जाता नुसता घासला जातो आणि पीठ तापतं. तापू नये म्हणून दगडांतलं अंतर सैल सोडलं की पीठ जाड पडतं. आता कथेकडे परत या. कारागीर रात्री का येत होता? टाकीसाठी. गल्लीनं कशावर बोट ठेवलं? त्याच्या रात्री येण्यावर. गिरणी दिराकडे गेल्यावर तो कारागीर कथेत पुन्हा दिसतो का? नाही. म्हणून पीठ जाड येतं. गल्ली आपल्याच संशयाचं पीठ खाते आहे आणि तिला कारण कळत नाही, वाचकाला कळतं. निवेदकाला न समजलेली गोष्ट कथेनं वाचकाच्या हातावर ठेवली, की लेखक आणि निवेदक यांच्यातली फट दिसलीच. तुमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी गिरणीचे दगड उघडलेले पाहिले नसतील, तेव्हा हा भाग निबंधात चार वाक्यांत समजावून सांगा, गृहीत धरू नका.

एक सावधगिरी इथेच. दगडाचं काम परंपरेनं वडार, पाथरवट अशा समाजांकडे राहिलं आहे. कारागिराची जात कथा सांगत नाही, फक्त 'बाहेरचा' म्हणते. गल्लीचा संशय बाईच्या चारित्र्यावर जितका आहे, तितकाच त्या 'बाहेरचा'वरही असेल का? हे प्रश्न म्हणून एका वाक्यात लिहा. संहितेत नसलेली जात ठामपणे त्याला चिकटवू नका.

दुसरा प्रश्न, बायकाच बायकांना त्रास देतात. हा आक्षेप निबंधाच्या सादरीकरणात शंभर टक्के येणार, तेव्हा तयारी ठेवा. यात गृहीत असं आहे की लिंगभेद म्हणजे पुरुषांनी बायकांशी केलेलं वाईट वागणं. खरं तर तो नियमांचा प्रश्न आहे आणि नियम राबवणारी व्यक्ती कुणीही असू शकते. प्रश्न बदलून विचारा : आक्का हे का करते? लेखकानं एका उपवाक्यात सांगून टाकलं आहे, 'बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली आक्का'. वाचताना ते निसटतं. तिनं सगळं आयुष्य एका नियमाची किंमत मोजण्यात घालवलं. त्याच्या बदल्यात म्हातारपणी गल्लीत मान मिळाला, शब्द मिळाला. सुलूनं तो नियम न पाळताही तिचं बरं चाललं, तर आक्कानं मोजलेली किंमत फुकट गेली असं होतं. स्त्रीवादी अभ्यासक डेनिझ कांदियोती यांनी १९८८ मध्ये याच वागण्याला बायकांनी पितृसत्तेशी केलेली सौदेबाजी म्हटलं. हा परिच्छेद लिहिताना आक्काला खाष्ट म्हातारी करू नका. ती तशी झाली की दोष एका स्वभावावर जातो आणि गल्ली सुटते.

संक्रांतीचा प्रसंगही याच परिच्छेदात घ्या. हळदी-कुंकवाला सगळी गल्ली जमते, सुलूबद्दल सगळ्यात जास्त बोलणं तिथेच होतं आणि सुलू तिथे नाही. का नाही, हे 'आम्ही' सांगतसुद्धा नाही. विधवेला बोलवायचं नसतं हे त्यांच्या लेखी सांगण्यासारखं नाहीच. पण आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाकरीचं बाजरीचं पीठ तिच्याच गिरणीतलं, हे मात्र निवेदक कौतुकानं सांगून जातो. अशा कथेत काय सांगितलं याच्याइतकंच काय सांगायची गरज वाटली नाही, त्याचीही यादी करावी लागते. ज्या वाचकांची कथा वाडीतली, चाळीतली, कारखान्याच्या वसाहतीतली किंवा एखाद्या जमातीतली असेल, त्यांनीही ही यादी कराच. कोण कुठल्या उंबऱ्याच्या आत येतं, कोण कट्ट्यावर बसतं, कोण फक्त रस्त्यानं जातं, एवढं नुसतं मांडलं तरी निम्मं काम होतं.

याच ओघात सुलूची थेट वाक्यं मोजा. अकरा पानांत चार आहेत आणि त्यातली तीन यंत्राबद्दल. तिच्या मनातलं एकही नाही. चौथं वाक्य 'मी बघतो की' हे आहे. बाहेरगावचा परीक्षक असेल तर तळटीप द्या की कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी जातो, मी करतो' बोलतात. ते पुरुषी होणं नाही, बंडही नाही. या क्रियापदावर कुणी मोठा सिद्धान्त उभारलेला दिसला तर सावध राहा.

तिसरा प्रश्न, सुलू हरते म्हणून कथा दुबळी का? नायिकेनं शेवटी बंड केलंच पाहिजे ही अपेक्षा मालिकांनी लावली आहे. सुलूवर कुणी हात उगारत नाही, कुणी गिरणीला कुलूप ठोकत नाही. गिऱ्हाईक हळूहळू पलीकडच्या गल्लीत जायला लागतं आणि तिला कळतं. भांडायला समोर कुणी आहेच कुठे? सगळे तर तिचे उपकारकर्ते. बंड का होऊ शकत नाही याचं यंत्र कथेनं दाखवलं आहे आणि तेच तिचं बळ आहे. तुलनेची सोयही कथेनंच केली आहे. दीर गिरणी रात्री दहापर्यंत चालवतो आणि गल्ली त्याला 'कष्टाळू' म्हणते. तीच गिरणी, तीच वेळ, उलट एक तास जास्त. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी उतरवा आणि त्यावर भाष्य कमी करा.

लेखक पुरुष आहे, मग बाईची कथा लिहायचा त्याला हक्क आहे की नाही, हा वाद पंधराशे शब्दांत आणू नका.

शब्दांची वाटणी करून बसा. प्रस्तावना पन्नास शब्द, कथासार दीडशे, 'आम्ही' या निवेदकावर साडेचारशे, मदत आणि तिची अट यावर चारशे, आक्का आणि हळदी-कुंकू अडीचशे, शेवट दोनशे. बहुतेक निबंध कथासारात फसतात. ते सातशेवर जातं आणि विश्लेषण दोन परिच्छेदांत उरकावं लागतं. सार लिहून झाल्यावर त्यातलं प्रत्येक वाक्य तपासा : हे पुढे कुठल्या मुद्द्याला लागतं? लागत नसेल तर काढा. अवतरणं आठ-दहा पुरेत, एकेक ओळीची, पान क्रमांकासह. 'सुलू गिरणी उघडते, आक्का बोलावते' असा वर्तमानकाळ सगळीकडे ठेवा, म्हणजे तुमचं विधान आणि कथेतली घटना यांची सरमिसळ होत नाही.

कोल्हापूरच्या पार्श्वभूमीवर एक परिच्छेद लिहायचा मोह होणार. शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, म्हणून जिल्हा पुरोगामी, असं ठरावीक सुरुवातीचं वाक्य टाळा. लिहायचंच तर त्याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. कायदा आणि ठराव यांच्यात एकशे पाच वर्षं आहेत. सुलूची गल्ली या मधल्या जागेत राहते, जिथे कायदा तिच्या बाजूनं असतो आणि चालरीत नसते. हे दोन-तीन वाक्यांत आटपा, इतिहासाचा पेपर लिहू नका. भावाशी बोलतानाही हीच जोडी कामाला येईल. जिल्हा पुरोगामी म्हणून ही कथा खोटी, असं ते म्हणाले तर ठराव करावा का लागला, एवढं विचारा.

राहिला बदनामीचा मुद्दा. भाऊंची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून रेषा आखून घ्या. तुमच्या गल्लीतला खरा प्रसंग, खरी बाई, खरं आडनाव निबंधात येता कामा नये, नाव बदलूनही नको. पेठेत नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो. आत्यांचं वाक्यही त्यांना विचारल्याशिवाय वापरू नका. स्वतःबद्दल एकच वाक्य पुरे, की अशाच वस्तीत वाढल्यामुळे 'आम्ही' हा आवाज तुम्हाला आतून ओळखीचा आहे. त्यानं निबंधाचं वजन वाढतं. याच्या पुढे परवानगी मागायची गरज नाही. कथेचा अभ्यास ही पेठेविरुद्धची तक्रार नव्हे, आणि भावाला तशी वाटत असेल तर त्या वाटण्याची जबाबदारी तुमच्याकडे नाही.

आत्यांशी वाद घालू नका. "हे चूक की बरोबर" असं विचारलंत की त्या गल्लीची बाजू घेणारच, त्यांचं आयुष्य तिथे गेलं आहे. त्याऐवजी दिराचं पान पुन्हा वाचून दाखवा आणि विचारा, "हा दहापर्यंत थांबतो, त्याला कुणी काही का म्हटलं नाही?" त्या म्हणतील, "तो बाप्या हाय." मग थांबा. लगेच "बघा, हाच तो लिंगभेद" म्हणालात तर पुढचं काही ऐकायला मिळणार नाही.

दहा मिनिटांच्या बोलण्यात कथासार दीड मिनिटात संपवा. निळी-लाल पेन्सिल केलेलं एकच पान मोठं करून दाखवा, सगळ्यात जास्त वेळ त्यावर घालवा. गिरणीच्या दगडाला दोन मिनिटं ठेवा. प्रश्नोत्तरात कुणी विचारलं की मग गल्लीनं मदत करायचीच नव्हती का, तर कथेतल्या पहिल्या आणि तिसऱ्या "आम्ही हाय की"मधला फरक परत वाचून दाखवा आणि विचारणाऱ्यालाच सांगायला लावा, की मदत नेमकी कुठल्या पानावर थांबली.